घरातून एक क्रियापद

मी इंग्रजीचा साधा भूतकाळ शिकलो त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला शिवता येत नाही. सुई कापडात जाते, पलीकडून निघते, दोराही तिच्यामागून निमूट जातो, पण टाका पडत नाही. शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन-तीनदा करून पाहिलं आणि सुई डबीत ठेवून दिली. नातीसाठी शिवायला घेतलेली गोधडी अर्धीच राहिली.

हे सगळं रीतसर झालं. नेर्लेकर सरांचा इंग्रजीचा क्लास मिरजेत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आहे. खाली दळण चालू असलं की वरच्या फळ्यावर पिठाचा थर बसतो आणि सर त्यावर बोटानंच लिहितात. पहिल्या दिवशी त्यांनी नियम सांगितला. प्रत्येक काळासाठी घरातलं एक क्रियापद आणायचं. जिवंत पाहिजे, रोजच्या वापरातलं पाहिजे, आणि झाकणाच्या डब्यातून आणायचं.

"पुस्तकातली क्रियापदं मेलेली असतात," सर म्हणाले. "त्यांच्यावर काळ चालत नाही. म्हणून तर तुम्ही सगळे शाळेत गो, वेंट, गॉन घोकत राहिलात आणि कोरडेच बाहेर पडलात."

मला ते पटलं. मी एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक होतो. उभा जन्म माइकसमोर गेला. गाडी सुटणार आहे, सुटत आहे, सुटली आहे, हे मी म्हणायचो आणि लोक पोरंबाळं, पिशव्या घेऊन पळायचे. काळ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, असं माझं मत होतं. पण ते मराठीत. इंग्रजीत माझी गाडी कधी फलाटालाच लागली नाही.

इंग्रजी हवं होतं ते ओवीसाठी. ओवी आमची एकुलती एक नात. मुलगा प्रसन्न तिकडे बर्फाच्या गावात राहतो, आणि ओवीला मराठीचा म सुद्धा येत नाही. नाव मात्र ओवी. नाव ठेवताना प्रसन्न फोनवर रडला होता. मराठी शिकवायच्या वेळी साहेबांना मीटिंग होती. दर रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा यायचा. ती म्हणायची, हाय आजोबा. मी म्हणायचो, हाय. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. शालन कॅमेऱ्यासमोर एकेक वस्तू धरायची, वांगं, पोळपाट, शेजारची मांजर. मांजरीला ओवी हसायची. मग मांजर निघून जायची आणि थोड्या वेळानं ओवीही.

"तुम्ही शिका ओ इंग्लिश," शालन म्हणाली. "मग ती काय म्हणत्या ते मला सांगा, आणि मी काय म्हणते ते तिला सांगा. मला एकदा त्या पोरीशी पोटभर बोलायचंय. एवढं करा, मग मी काही मागायची नाही."

तिनं लग्न झाल्यापासून काही मागितलेलं मला आठवत नव्हतं, म्हणून मी नाव घातलं.

पहिल्या पाठासाठी मी घरात उभा राहून क्रियापद शोधू लागलो. शालन खिडकीपाशी गोधडी शिवत होती. माझ्या जुन्या खाकी शर्टाचे तुकडे, तिच्या साड्यांचे काठ. मी स्टीलचा डबा तिच्या हाताखाली धरला.

"काय ओ?"

"क्लासला न्यायचंय."

"न्या की," ती म्हणाली आणि हात झटकला. शिवणं डब्यात पडलं. ज्वारीचा दाणा पडावा एवढाच आवाज झाला. झाकण जरा सैल होतं, म्हणून तिनंच वरून सुतळी बांधून दिली.

सरांनी डबा तळहातावर तोलला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "बऱ्याच वर्षांचं दिसतंय." मग त्यांनी डबा फळ्यासमोर उघडला आणि पिठावर बोटानं एक वाक्य लिहिलं. वाक्य पुरं होताच खालची गिरणी थांबली. मला साधा भूतकाळ आला. कळला असं म्हणणार नाही. दात येतो तसा आला.

त्या रविवारी मी ओवीला बकरीची गोष्ट सांगितली. एक बकरी मिरजेच्या स्टँडावर जतच्या गाडीत चढली, तिकीट न काढता मागच्या सीटवर बसली आणि जतला उतरून चालू लागली. सगळं इंग्रजीत, एकदाही न अडखळता. ओवी उचकी लागेपर्यंत हसली. शालनला एक शब्द कळला नाही, पण ओवीकडे बघून तीही हसत सुटली.

"काय म्हणाली?" शालननं विचारलं.

"बकरीचं नाव विचारतेय."

"मग सांगा की."

बकरीला नाव नव्हतं. शालननं तिथल्या तिथे ठेवलं, चंद्रा. ओवीनं ते तीनदा म्हणून पाहिलं, तीनदा चुकवलं, आणि शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता. शिवणं गेलं याची त्या दिवशी आम्हाला दोघांनाही खंत वाटली नाही. तिकडं हीटर असतो म्हणे, गोधडी कशाला लागते, असं शालनच म्हणाली.

चालू वर्तमानकाळासाठी मी झाडणं नेलं.

चालू काळात गेलेलं क्रियापद थांबत नाही. हे सरांनी आधी सांगितलं होतं, पण मी म्हटलं, झाडण्यानं कुणाचं काय बिघडणार आहे. शालनच्या उजव्या हातात केरसुणी आली ती आलीच. ती डाव्या हातानं जेवू लागली. झोपली तरी हात चादरीवर मागेपुढे चालायचा. पहिल्या आठवड्यात घर लख्ख झालं. दुसऱ्या आठवड्यात फरशीवरची नक्षी केरात निघाली आणि सुपलीतून बाहेर गेली. मग पडद्यावरची फुलं गेली. मग भिंतींच्या कडा झिजू लागल्या. रोज थोडी थोडी खोली केरात जायची, आणि शालन ती कोपऱ्यावरच्या कचरागाडीत टाकून यायची. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये पूर्वी एक बोळ होता, तो एका दुपारी संपला. पलंग आणि ओटा शेजारी शेजारी आले.

"सोयीचं झालं एका अर्थी," मी म्हणालो. "चहाला उठायला नको."

"हात दुखतोय ओ," शालन म्हणाली. झाडता झाडताच म्हणाली.

क्लासमध्ये माझ्या बाकावर मुल्ला सिस्टर बसायच्या. एका दवाखान्यात नर्स होत्या, आखातात नोकरी मिळणार होती, म्हणून इंग्रजी शिकत होत्या. बाई हुशार. त्यांनी साध्या भूतकाळाला नवऱ्याचं घोरणं आणलं होतं. पुढच्या काळाला सासूचं टोमणे मारणं आणलं. घरात आता इतकी शांतता आहे काका, की घड्याळ ऐकू येतं, असं त्या सांगायच्या. माझा डबा बघून एकदा त्यांनी विचारलं, "हे पण काकूंचंच का?"

"घरातलं आहे," मी म्हणालो.

"तुमचं स्वतःचं एखादं का नाही आणत?"

मला राग आला. माझं घरात काय होतं? मी घरी यायचो, बसायचो, पेपर वाचायचो. रांधणं, धुणं, दळण आणणं, दूध तापवणं, दिवा लावणं, पाहुण्यांना या म्हणणं, सगळी क्रियापदं शालनकडे होती आणि तिनं कधी त्याबद्दल तक्रार केली नव्हती. घरात जे असतं ते दोघांचं असतं. मी सिस्टरना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि स्वतःचा डबा उघडून त्यातलं दिराचं शिंकणं सरांपुढे ठेवलं.

पूर्ण वर्तमानकाळाला रांधणं गेलं. तेव्हापासून आमच्याकडे स्वयंपाक झालेला असतो. केव्हाही घरात जा, तो होऊन गेलेला असतो, जेवणं आटोपलेली असतात आणि ताटं घासून पालथी घातलेली असतात. हाताला खरकटं धुतल्याचा ओलावा असतो. तोंडाला मात्र चव नसते आणि पोटात काही नसतं. भूक लागली म्हणावं तर आत्ताच जेवण झालंय. शालनच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. मी गिरणीसमोरच्या टपरीवर वडापाव खायचो. तिच्यासाठी एकदा बांधून आणला, पण दारातून आत येईपर्यंत तो खाल्ला गेला होता आणि तिच्या हातात नुसता कागद आला.

"आवडला," ती म्हणाली. माझं मन राखायला म्हणाली, हे मला कळलं आणि त्याचाही मला राग आला.

त्या दिवशी मी सरांना विचारलं, शिवणं तरी परत मिळेल का, किंवा झाडणं थोडा वेळ थांबेल का. सर फळा पुसत होते. फळा पुसला की त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे व्हायचे.

"सुटलेली गाडी तुम्ही कधी माइकवरून परत बोलावलीत का?" सर म्हणाले.

"नाही."

"मग झालं तर. पुढच्या वेळी भविष्यकाळ. जरा चांगलं आणा. भविष्यकाळाला किरकोळ क्रियापद लागू पडत नाही."

घरात चांगलं म्हणावं असं एकच राहिलं होतं. फडताळाच्या वरच्या खणात शालननं भेटणं ठेवलं होतं, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. प्रसन्न तिकडे गेला तेव्हापासून ते तिथे होतं. दिवाळीला तो आणि ओवी येणार होते, तिकिटंही निघाली होती, आणि शालन दर दोन दिवसांनी ते खाली काढून, फडकं उलगडून बघायची आणि परत ठेवायची.

मी स्टुलावर चढलो तेव्हा तिनं स्टुलाचा पाय धरला.

"ते नको ओ."

"अगं, भविष्यकाळ आहे. त्यात बिघडतंय काय? भेटायचंच आहे ना दिवाळीत? ते पुढंच आहे. पुढच्या गोष्टीसाठीच तर तो काळ."

"दुसरं काहीही न्या. माझं झोपणं न्या. हे नको."

"ओवीला मी भविष्यातलं काही सांगू शकत नाही," मी म्हणालो. "ती विचारते, मी तिकडे आले की काय करायचं? मी गप्प बसतो. आजोबा मठ्ठ आहे असं वाटत असेल तिला. बरं वाटतं का तुला ते?"

एका हातानं झाडत, दुसऱ्या हातानं शालननं स्टूल सोडलं. मी फडकं सोडवून भेटणं डब्यात टाकलं. ते पडल्याचा आवाज आला नाही, इतकं ते मऊ होतं. या वेळी सुतळी मलाच बांधावी लागली.

भविष्यकाळ मला फार चांगला आला. मी ओवीला सांगितलं, आपण रिक्षातून फिरू, मी तुला माझा माइक दाखवीन, आजी तुझ्या केसांत अबोली माळेल. ओवी टाळ्या वाजवत होती. दोन दिवसांनी प्रसन्नचा फोन आला. दिवाळीचं जमत नाही बाबा, पण उन्हाळ्यात नक्की येणार. उन्हाळा जवळ आला तेव्हा तो म्हणाला, पुढच्या दिवाळीला येणार. तो खोटं बोलत नव्हता. आवाजावरून मला कळत होतं, तो खरोखरच येणार होता. येणाऱ्या गाडीची घोषणा मी हजारदा केली आहे, तो सूर मी ओळखतो.

त्यानंतरची क्रियापदं मी कुठल्या क्रमानं नेली ते सांगण्यात अर्थ नाही. गुणगुणणं नेलं, रागावणं नेलं, रुसणं नेलं. वाट बघणं नेलं, त्याबद्दल तर मला वाटलं की तिच्यावर उपकारच झाले. झोपणं तिनं स्वतःच दिलं. दरम्यान घर आणखी झाडलं गेलं होतं. आता एकच खोली होती, आणि ती पलंगाएवढी. आम्ही दोघं पलंगावर समोरासमोर बसायचो, मध्ये डबा असायचा, आणि शालनचा हात उशाशी झाडत राहायचा.

रविवार मात्र सोन्यासारखे जात होते. ओवीशी मी तासन्‌तास बोलायचो. ती शाळेतलं भांडण सांगायची, मी स्टँडावरचं सांगायचो. सगळ्यात जास्त ती आजीचं विचारायची. आजीनं गोधड्या कशा शिवल्या, आजी कशी रागवायची, आजीच्या हातचं काय चांगलं असतं. मी सांगत गेलो आणि ओवीचा आजीवर फार जीव जडला. मध्येच शालन माझी बाही ओढायची. काय म्हणाली ओ? नंतर सांगतो, मी म्हणायचो. बोलण्याच्या ओघात थांबून मराठी करायला मला जमेना. फोन बंद झाला की ओवीचं बोलणं जसंच्या तसं आठवायचं नाही. मग मी म्हणायचो, काही विशेष नाही, तुझी चौकशी करत होती.

"मला तिच्याशी बोलायचं होतं," एकदा शालन म्हणाली.

"एकच राहिलाय," मी म्हणालो. "म्हणजे क्रियापद द्यावं लागेल असा एकच काळ. पूर्ण भूतकाळ. तो आला की तू म्हणशील ते शब्दन्‌शब्द तिला सांगेन. तू बोलायचं, मी लगेच इंग्रजी करायचं. शप्पथ."

घरात तेव्हा काय काय शिल्लक होतं ते मी चाचपून पाहिलं. झाडणं चालू होतं, ते नेता येत नव्हतं. देणं होतं, पण ते तिच्या हाताला इतकं चिकटलेलं होतं की सुटेना. शालननं डबा माझ्याकडून घेतला आणि तोंडाशी धरला. तिचा चेहरा उजळला होता. ती ओवीला काय सांगायचं ते मनात जुळवत होती.

"मग तिला एवढं सांगा, की," ती म्हणाली, आणि डब्यात आवाज झाला.

तिचं बोलणं पूर्ण भूतकाळात गेलं. तिचं बोलून झालं होतं. केव्हा, कुणाशी, काय, ते त्या काळात विचारत नाहीत. मी डबा घेऊन क्लासला गेलो आणि सर म्हणाले, इतकं भरलेलं क्रियापद या वर्गात आजवर आलं नव्हतं. मुल्ला सिस्टर माझ्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. परत येताना मला गिरणीच्या पायऱ्यांवर बसावं लागलं. मी रडलो. इंग्रजीत रडलो की मराठीत, हे सांगता येणार नाही. पण रडून झाल्यावर पूर्ण भूतकाळ आला होता.

पुढचा रविवार शेवटच्या पाठाचा होता. शेवटच्या काळाला क्रियापद लागत नाही, असं सरांनी आधीच जाहीर केलं होतं. नुसता रिकामा डबा आणायचा. तो काळ सर स्वतः डब्यात घालून देणार होते, आणि मग सगळे काळ घेऊन आम्ही मोकळे होणार होतो. मी शालनला तसं सांगितलं. मला वाटलं, या वेळी घरातून काहीच जाणार नाही, तिला बरं वाटेल.

मी डबा विसळून कोरडा केला आणि निघालो. शालननं माझ्या हातातून डबा काढून घेतला.

"अगं, रिकामाच न्यायचाय."

तिनं मान हलवली. मला कळलं तिचं काय चाललंय ते. आमच्या घरातून भांडं कधी रिकामं गेलेलं नाही. शेजारणीची वाटी परत करायची असली तरी तिच्यात चिमूटभर साखर घालायची, नाहीतर चार दाणे शेंगदाण्याचे. माझ्या आईनं तिला ते शिकवलं होतं, आणि तिनं ते माझ्या आईपेक्षाही कडक पाळलं. ती डबा घेऊन साखर शोधू लागली. साखर केव्हाच झाडली गेली होती. फडताळ गेलं होतं. शेंगदाणे, मीठ, तुळशीचं पान, काही काही नव्हतं. पलंगाच्या चारी बाजूंना तिनं हात फिरवून पाहिला.

"राहू दे गं," मी म्हणालो. "सर काही मनाला लावून घेत नाहीत."

मी चपला घालायला वाकलो. खोली एवढीशी होती की चपला घालताना माझी पाठ तिच्या गुडघ्याला लागत असे. या वेळी लागली नाही. मी वळलो. पलंगावर केरसुणी आडवी पडली होती आणि ती हलत नव्हती. उंबऱ्यावर डबा होता, झाकण लावलेला, सुतळीची गाठ मारलेला. गाठ तिची होती, दुपेडी.

मी तिला हाक मारली. हाक मारण्याइतकीही जागा नव्हती, ती भिंतीला लागून लगेच माझ्याकडे आली. मग मी डबा उचलला. तो जड नव्हता. खालून कोमट होता, नुकताच भात काढून घेतल्यासारखा. सुतळी सोडायचं मला धाडस झालं नाही. सर सोडवतील, त्यांना रीत माहीत आहे, असं मी स्वतःला सांगत रस्त्यानं निघालो. दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला होता. ओळखीचे लोक नमस्कार करत होते आणि मला हात जोडता येत नव्हते.

वर्ग भरलेला होता. खाली गिरणी चालू होती. सरांनी सगळ्यांचे रिकामे डबे घेतले आणि माझा तळहातावर तोलला.

"हे क्रियापद नाही," ते म्हणाले.

"नाही सर."

"हा कर्ता आहे. कर्ता आणायला कुणी सांगितलं होतं?"

"रिकामं भांडं पाठवत नाहीत आमच्यात," मी म्हणालो. "तिनं... सर, चूक झाली. मी घरी घेऊन जातो. तिला बाहेर काढू द्या. मला शेवटचा काळ नको."

"वर्गात आलेला कर्ता वाक्याशिवाय परत जात नाही," सर म्हणाले. त्यांनी डबा माझ्यासमोर बाकावर ठेवला आणि सुतळीची गाठ बोटानं उकलली. "एक वाक्य करा. कुठल्याही काळात करा, तुम्हाला येतात सगळे. वाक्य झालं की डबा तुमचा."

मी झाकणावर दोन्ही तळवे दाबून धरले. आतून हळूच टकटक होत होती. दारावर पाहुणा आला आणि घरातले झोपलेले असले तर तो वाजवतो तशी, जपून. मी विचार करू लागलो. भूतकाळात घातलं तर शिवणं गेलं तशी तीही जाणार. भविष्यकाळात घातलं तर ती येणार, नेहमीच येणार. चालू काळात तिला घालायचं तर काय करताना घालायचं? मी घरातून एकही काम तिच्यासाठी मागं ठेवलं नव्हतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. वाक्यच केलं नाही तर काही होणार नाही. मी तिथेच असा बसेन, झाकण धरून, गिरणी बंद पडेपर्यंत, आणि त्यानंतरही. मला वाटलं, हे मला जमेल. उभा जन्म बोलण्यात गेला, आता गप्प बसेन.

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजू लागला. रविवार होता.

"घ्या," सर म्हणाले. "बोलण्यात आलेलं वाक्यही धरतो आपण."

मी मान हलवून नाही म्हणालो. माझे दोन्ही हात झाकणावर होते. सरांनी मुल्ला सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी नको नको म्हणत माझ्या खिशातून फोन काढला, आणि तो त्यांच्या हातातच सुरू झाला. त्यांनी तो माझ्या तोंडासमोर धरला.

ओवी नुकतीच न्हालेली होती. हाय आजोबा, ती म्हणाली. मी काही बोललो नाही. ती माझ्यामागच्या फळ्याकडे बघू लागली, बाकांकडे बघू लागली, पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिचे डोळे फिरले. मग तिनं विचारलं, आजी कुठे आहे?

वर्गातल्या सगळ्यांनी पेनांची टोपणं काढली.

"ओवी, बाळ, थांब," मी मराठीत म्हणालो.

"मराठी धरत नाही," सर म्हणाले.

ओवीला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, इंग्रजी न येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं. आजी. कुठे. आहे. माझ्या जिभेवर सगळे काळ तयार होते. एकालाही मी बाहेर येऊ देत नव्हतो, पण ते दाटीनं उभे होते आणि माझे ओठ आतून ढकलत होते. मी खाली बघितलं. माझ्या तळव्यांखालची टकटक थांबली होती.

ओवीला वाटलं, आवाज येत नाहीये. तिनं कपाळाला आठी घातली, फोन उचलला आणि कानाला लावला. पडद्यावर आता फक्त तिचा कान होता, लहानसा, ओला, पडदाभर. गिरणी थांबली. तळव्यांखाली झाकण हळूहळू वर येऊ लागलं.